विषय: २८ मार्चची क्रेन सहल: बाबांना सीट हवी, पण ब्लाइंडचं काय?

मीनल

सगळ्यांना,

नेब्रास्कात प्लॅट नदीवर सँडहिल क्रेन पक्षी बघायला जाणाऱ्या बसमध्ये अजून दोन सीट आहेत असं शिरीषदादांच्या कालच्या मेलमध्ये वाचलं. एक मला आणि एक बाबांना हवी आहे. बाबा मेअखेरपर्यंत इथे आहेत. वय ७६, चालायला खणखणीत, पण औषधामुळे तासातासाला उठावं लागतं. रविवारी पहाटे ब्लाइंडमध्ये, म्हणजे नदीकाठी लपून पक्षी बघायच्या खोलीत, एकदा बसलं की मध्ये बाहेर येता येत नाही, हे खरं का? तसं असेल तर तेवढा वेळ त्यांनी कुठे थांबायचं? हे कळलं की लगेच पैसे भरते.

शिरीष

मीनल,

दोन्ही नावं लिहून घेतली. ब्लाइंडचं तू ऐकलंस ते खरं आहे. पक्षी नदीतच झोपलेले असताना अंधारात आत जायचं आणि गाइड सांगेल तेव्हाच बाहेर पडायचं. दोन तास धरून चाल. मध्येच एक माणूस बाहेर आला तर पात्रातला सगळा थवा उठू शकतो, म्हणून या नियमात सूट नाही. बाबांनी रविवारी हॉटेलवर आराम करावा हे बरं. शनिवारी संध्याकाळी जुन्या रेल्वेपुलावर आपण सगळेच आहोत, तिथे त्यांना पक्षी दिसतीलच.

आणखी एक. ब्लाइंडची ३२ तिकिटं माझ्या नावावर आहेत. ब्लाइंड ज्यांचे आहेत त्या रो सँक्च्युअरी या पक्षी अभयारण्याला कृपया कोणी परस्पर फोन करू नये. गेल्या वेळी तिघांनी तीन वेगवेगळे आकडे सांगितले आणि यादी सरळ करण्यात माझा आठवडा गेला.

वसुधा

शिरीष, हॉटेलवर आराम हे मला पटत नाही. तिकडून इतक्या लांब आलेला माणूस, त्याला खोलीत बसवून आपण करकोचे बघायला जायचं? संध्याकाळ आणि पहाट यांत फार फरक आहे. संध्याकाळी ते मक्याच्या शेतांतून तुकड्यातुकड्यांनी येतात आणि बरेचसे अंधार पडता पडता उतरतात. पहाटे उजाडताना हजारो एकाच जागी उभे दिसतात.

गेल्या वर्षी ब्लाइंडच्या खिडकीतून मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. काठाला बर्फाचा पातळ पापुद्रा आणि पाण्यावर वाफ. आधी सगळं पात्र दगडगोटे पसरल्यासारखं करडं दिसत होतं. मग त्यातल्या एका गोट्याने मान वर काढली. पाणी जेमतेम घोट्याच्या वर असेल. एक पक्षी एक पाय पोटाशी घेऊन उभा होता. त्याने तो पाय हळूच खाली सोडला आणि बोटं पाण्याला लागताच परत वर घेतला. तेवढ्यात आमच्यापैकी कुणाच्या तरी जाकिटाचा वेल्क्रो उघडला. जवळच्या वाळूपट्ट्यावरच्या सगळ्या माना एकदम ताठ झाल्या. पाच मिनिटं आम्ही कुणी हललो नाही.

म्हणून विचारते, बसने आधी ब्लाइंडवाल्यांना रोला सोडावं आणि तशीच पुढे पुलावर जावं, असं का नको? पुलावर कुणी अडकून बसत नाही. मीनलच्या बाबांना हवं तेव्हा मागे फिरता येईल. माझी पाठ यंदा बाकावर दोन तास बसायला तयार नाही, तेव्हा माझंही तिकीट मोकळं करून पुलाच्या यादीत नाव घाल.

नितीन

वसुधाताई, कल्पना चांगली आहे, पण आधी ड्रायव्हरच्या तासांचं बघा. प्रवासी बसच्या ड्रायव्हरला सलग ८ तास सुट्टी मिळाल्याशिवाय पुन्हा गाडी हातात घेता येत नाही. हा सरकारी नियम आहे, त्यात कंपनीशी घासाघीस चालत नाही.

शनिवारी सूर्यास्त आठच्या सुमारास आहे. गेल्या वर्षी आपण पुलावरून निघेपर्यंत सव्वानऊ झाले होते, म्हणजे हॉटेलला पोचून गाडी लावेपर्यंत पावणेदहा. तसंच यंदा झालं तर रविवारी पावणेसहाच्या आधी बस हलणार नाही आणि रोला सहाला हजर राहायचं आहे. कार्नीच्या हॉटेलहून गिबनला, म्हणजे रोला, जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पुलाची दुसरी फेरी राहू द्या, पहिलीच चुकेल.

रोहन

वसुधाकाकू, करकोचे म्हणजे स्टॉर्क ना? हे तर सँडहिल क्रेन. आपल्याकडे क्रेनला क्रौंच म्हणतात. फलकावर मराठी नाव लिहायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून आताच विचारतो.

प्रभाकर

रोहन, शब्दाचा घोळ जुना आहे. मराठीत पांढऱ्या स्टॉर्कलाही करकोचा म्हणतात आणि हिवाळ्यात येणाऱ्या डेम्वाझेल क्रेनलाही कांड्या करकोचाच म्हणतात. त्यामुळे वसुधाताईंचं चूक नाही. पण पक्षी वेगळे आहेत. स्टॉर्क झाडावर बसतो, घरटंही झाडावर करतो. त्याला जवळजवळ आवाज नसतो, चोच वाजवतो. क्रेनचं मागचं बोट आखूड आणि वर असतं, त्यामुळे सँडहिल फांदी धरू शकत नाही. म्हणून तर तो रात्री उथळ पाण्यात उभा राहतो. कोल्हा किंवा कायोटी आला तर पाणी वाजतं आणि ते जागे होतात. आवाजाचं म्हणाल तर त्याची श्वासनळी छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते, त्यामुळे हाक दूरवर जाते.

आमच्या भागात, गोंदियाकडे, सारस आहेत. तेही क्रेनच, पण ते लांबच्या स्थलांतराला जात नाहीत, वर्षभर भातखाचरांच्या आसपास जोडीने राहतात. लहानपणी सारस पाहिलेला माणूस प्लॅटवर उभा राहिला की गोंधळतो, कारण तिथे दोन दिसायचे आणि इथे नजर जाईल तिथपर्यंत तेच. फलकावर 'सँडहिल क्रेन (क्रौंच कुळातला पक्षी)' लिही, वाद मिटेल.

शिरीष

प्रभाकरकाका, आभार, पण फलकाचं नंतर बघू.

नितीनचा मुद्दा मला मान्य आहे. वसुधा, तुझ्या कल्पनेत माझी अडचण वेगळी आहे. पहाटे बस नदीकाठच्या रस्त्यांवर फिरवायला मी राजी नाही. एवढी मोठी गाडी, दिवे, इंजिन. तिथे रस्त्यातच थांबायला बंदी आहे, शेतं खासगी आहेत आणि क्रेनना त्रास देणं हा गुन्हा आहे. मंडळाच्या नावावर तसलं काही नको. तीन वर्षं ही सहल मी नीट चालवली आहे.

वसुधा

तू नीट चालवलीस हे सगळ्यांनाच माहीत आहे. तुझ्यामुळेच मी पहिल्यांदा गेले. पण रस्त्यात थांबा असं मी म्हटलंच नाही. पुलाजवळच्या फोर्ट कार्नी पार्कच्या पार्किंगमध्ये बस लावायची, इंजिन बंद करायचं आणि पायवाटेने पुलावर जायचं. शनिवारी संध्याकाळी आपण हेच करणार आहोत ना? मग पहाटे केलं तर काय बिघडलं?

आणि ही जागा पक्ष्यांनी हौसेने निवडलेली नाही, हेही लक्षात घ्या. एके काळी प्लॅट रुंद आणि उघडी होती. धरणांनी आणि कालव्यांनी पाणी कमी झालं, वाळूवर झाडं उगवली आणि झोपायला मोकळं पात्र थोडंच उरलं. आता दर वसंतात जगातल्या बहुतेक सँडहिल क्रेन, ५ लाखांहून जास्त, सुमारे १३० किलोमीटरच्या पट्ट्यात गोळा होतात. कापणीनंतर शेतात सांडलेला मका टिपून चरबी साठवतात आणि मग कॅनडा, अलास्का, काही तर सैबेरियापर्यंत जातात. एप्रिल उजाडला आणि दक्षिणेचा वारा सुटला की निघाले. मीनलचे बाबा पुन्हा मार्चमध्ये इथे असतील की नाही, कुणी सांगावं?

नितीन

दोघांचंही जुळतं, फक्त शनिवारी ८:४० ला सगळे बसमध्ये हवेत. मी हिशेब केला. ९:०५ ला हॉटेल, सव्वानऊला ड्रायव्हर मोकळा. रविवारी सव्वापाचपासून तो गाडी चालवू शकतो. आपण साडेपाचला निघायचं, सहाच्या आत रो. तिथून बस साडेसहाला फोर्ट कार्नीला पोचते. सूर्योदय साडेसातच्या जरा आधी आहे, म्हणजे पुलावरचे लोक नीट उजाडायच्या आधीच जागेवर असतील. नऊला बस रोला परत.

८:४० म्हणजे ८:४०. गेल्या वर्षी फोटोसाठी मागे राहिलेल्या पाच जणांमुळे उशीर झाला होता. यंदा मी स्वतः पुलाच्या टोकाला उभा राहून माणसं मोजणार.

सुजाता

त्या पाचांत मी होते. आठनंतर इतका मोठा थवा डोक्यावरून गेला की पाय निघाला नाही. ड्रायव्हरचे तास तेव्हा कुणी सांगितले नव्हते. यंदा कॅमेरा साडेआठलाच पिशवीत टाकेन.

एक विचारायचं आहे, ब्लाइंडमध्ये फोनवर फोटो चालतो का?

शिरीष

सुजाता, फ्लॅश अजिबात नाही आणि अंधारात फोनचा स्क्रीनही उघडायचा नाही. गाइड सांगेल तेव्हाच. सगळ्यांनी गडद कपडे घाला आणि वेल्क्रोची जाकिटं घरी ठेवा.

नितीनचं वेळापत्रक मान्य. बस कंपनीला आज लेखी कळवतो, त्यांचा होकार आला की पक्कं. पुलावरच्या गटाची जबाबदारी वसुधाकडे. वसुधाचं मोकळं झालेलं तिकीट ज्याला हवं त्याने मलाच लिहा. पुलावर कुणाकुणाला यायचं आहे ते बुधवारपर्यंत कळवा.

मीनल

सगळ्यांचे मनापासून आभार. पैसे भरले. बाबा आणि मी दोघंही पुलावर येऊ, माझं नाव ब्लाइंडच्या यादीत नको.

बाबा विचारतायत, पुलाला लाकडी फळ्या आहेत का? असल्या तर अंधारात त्यांची काठी वाजेल. मी टोकाला जाड रबर बसवून घेते आहे, आणि आज घरातल्या लाकडी जिन्यावर चालवून बघते.