"रिसर्च व्हेलिंग"ला मराठीत काय म्हणायचं? शिकार, मासेमारी, कत्तल?

मंडळी, एक शब्द अडलाय, तीन दिवस झाले सुटत नाहीये म्हणून इथे विचारतेय. मी सबटायटलिंगचं काम करते, घरूनच, कांदिवलीला. सध्या जपानच्या व्हेलिंगवरची एक डॉक्युमेंटरी आलीये मराठी करायला आणि तिच्यात "रिसर्च व्हेलिंग" हा शब्द दर दोन मिनिटांनी येतो. जपानी अधिकारी बोलतो तेव्हा येतो, ऑस्ट्रेलियाची बाजू मांडणारा वकील बोलतो तेव्हा येतो, बोटीवरची आंदोलक पोरगी बोलते तेव्हाही येतो, आणि तिघांच्या तोंडी तो वेगवेगळा वाजतो. पहिल्या दिवशी मी सरळ "संशोधनासाठी व्हेलची शिकार" असं टाकून मोकळी झाले. रात्री आईला दाखवलं तर ती म्हणाली, अगं शिकार म्हणजे हौस झाली, राजेलोक करायचे ती, संशोधनाला कोण शिकारीला जातं? तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

म्हणजे बघा, "शिकार" म्हटलं की मचाण, बंदूक, वाघ आणि मारणाऱ्याचा पराक्रम. "मासेमारी" म्हटलं की पोटापाण्याचा धंदा, पहाटे ससून डॉकला जाऊन बघा. "कत्तल" म्हटलं की आपण निकाल देऊनच टाकला. "हत्या" म्हटलं की गोहत्या आठवते आणि भलतंच राजकारण सुरू होतं. जपानीत म्हणतात "चोसा होगेई". होगेई म्हणजे व्हेल पकडणं, चोसा म्हणजे पाहणी, सर्व्हे. मारणं हा भाग शब्दात कुठेच नाही. त्यांचं ते मोठं जहाज होतं ना निशिन मारू, त्याच्या अंगावर भल्यामोठ्या अक्षरांत "रिसर्च" असं रंगवलेलं असायचं, आणि त्याच जहाजावर मागच्या उतारावरून व्हेल ओढून वर घ्यायचे, कापायचे, आणि मांस पुढे बाजारात जायचं.

पण मला खरं अडलंय ते "शिकार"वर नाही, "साठी"वर. १९४६ चा व्हेलिंगचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्याच्या कलम ८ मध्ये सोय आहे की सदस्य देश आपल्या नागरिकांना संशोधनासाठी व्हेल मारायचा परवाना देऊ शकतो, आणि मारलेला प्राणी शक्यतो वाया घालवू नका असंही त्यातच म्हटलंय, म्हणून मांस विकणं हे काही चोरून चाललेलं नव्हतं. १९८२ ला ह्या करारातल्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी व्हेलिंग थांबवायचं ठरवलं, १९८५-८६ च्या हंगामापासून ते लागू झालं, आणि १९८७ पासून जपानने अंटार्क्टिकात ह्याच कलमाखाली परवाने द्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलिया २०१० ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली. निकाल लागला ३१ मार्च २०१४ ला, १२ विरुद्ध ४. आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारीही त्या पीठावर होते.

आता कोर्ट काय म्हणालं ते नीट वाचा. त्यांनी असं नाही म्हटलं की हे संशोधनच नाही. ते म्हणाले, ह्या कार्यक्रमाला ढोबळमानाने शास्त्रीय संशोधन म्हणता येईल, पण दिलेले परवाने हे संशोधना"साठी" नाहीत. वर्षाला सुमारे ८५० मिंक, ५० फिन आणि ५० हंपबॅक (ह्या व्हेलच्याच जाती) मारायचे हा आकडा सांगितलेल्या उद्दिष्टाशी जुळेना, न मारता किती काम होईल हे जपानने धड तपासलेलंही नव्हतं. आणि २००५ पासूनच्या त्या टप्प्यात सुमारे ३६०० मिंक मारून झाले होते, त्यातून जपानला तज्ज्ञांनी तपासलेले असे पेपर दाखवता आले दोन, आणि त्या दोन पेपरांना मिळून नमुने लागले होते नऊ व्हेलांचे. नऊ! मी तो आकडा तीनदा मागे नेऊन ऐकला.

म्हणजे अख्खा खटला एका शब्दयोगी अव्ययावर फिरला, आणि मी ते "साठी" पहिल्याच ओळीत जपानला फुकट देऊन बसले होते. बरं, "संशोधनाच्या नावाखाली" लिहिलं तर ते ऑस्ट्रेलियाला फुकट दिल्यासारखं होतं. दोन सेकंदांत वाचून होईल असा शब्द हवाय. सुचवा.

प्रतिसाद:
वर्तमानपत्रात डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. "च्या नावाखाली" आम्ही सर्रास लावायचो, हेडलाइनला धार येते, पण ते संपादकीयाचं काम आहे, बातमीचं नाही, सबटायटलचं तर नाहीच नाही. माझ्या मते मासेमारीच्या चालीवर "व्हेलमारी" करा. छोटा आहे, कळतो. "देवमासा" मात्र टाळा, तो मासा नाही हे शाळेतल्या पोरांनाही माहितीये.

अजून एक, तुम्ही १९८२ च्या ठरावाला कुठे "बंदी" केलं असेल तर बदला. ती "स्थगिती" आहे. पकडीची मर्यादा शून्य केली आणि १९९० पर्यंत परत आढावा घेऊ म्हणाले. मुंबईकराला स्थगिती कळते हो, निम्म्या बिल्डिंगींच्या रिडेव्हलपमेंटला कोर्टाची असते. बंदी म्हटलं की कायमची वाटते आणि मग जपान नॉर्वे का भांडत होते तेच कळत नाही. नॉर्वेने तर ठरावावर आक्षेपच नोंदवला होता, म्हणून ते १९९३ पासून उघड व्यापारी म्हणूनच मारतात, संशोधनबिंशोधन काही म्हणत नाहीत.

प्रतिसाद:
मी वेसाव्याची, आमची डोल जाळ्याची बोट आहे. दादा, व्हेलमारी नका हो करू. आमच्या धंद्याचा शब्द त्याला जोडू नका. आम्ही म्हावरा आणतो, खातो, विकतो, आणि जून जुलै दोन महिने बोटी वर ओढून गप बसतो की पिल्लं मोठी होऊ देत. आणि "देवमासा" पण वाईट नाही. माझी आजी लांब पाण्यात त्याचा फवारा दिसला असं कोणी नाखवा सांगायला लागला की हात जोडायची. तो मासा नाही हे तिला कोणी शिकवायला नको होतं, गादा म्हणजे डॉल्फिन पण मासा नाही, त्याला दूध असतं, हे जाळ्यावाल्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. मासा हा शब्द पाण्यातल्या जिवाला आहे आणि देव हा त्याला न मारायला आहे. तुम्ही देव काढून टाकला आणि इंग्लिश व्हेल ठेवला तर मारायचं सोपं होतं असं मला वाटतं.

प्रतिसाद:
वरच्या ताईंशी अर्धा सहमत. मी कॉलेजात झूऑलॉजी शिकवतो. "मासा" ह्या शब्दाने मुलांचा गोंधळ होतो हे खरं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला ते पिल्लू किनाऱ्यावर आलं होतं आठवतंय? लोकांनी ओल्या फडक्यांनी त्याचं अंग भिजत ठेवलं, खोल पाण्यात नेऊन सोडलं, तरी शेवटी गेलंच ते. तेव्हा टीव्हीवर एकाच वाक्यात "मासा" आणि "आईच्या दुधाविना" असं दोन्ही ऐकलं. पण यात मराठीच एकटी नाही, जपानी लिपीत व्हेलचं जे अक्षर आहे त्याच्या डाव्या अंगाला माशाचीच खूण असते. संस्कृतात तिमिंगिल म्हणजे तिमी नावाच्या माशाला गिळणारा. सगळ्यांनी आधी मासाच पाहिलाय. (आणि "व्हेलची उलटी" पकडली अशी बातमी मुंबईत दर थोड्या दिवसांनी येते, ती बहुधा उलटी नसतेच. स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळाच्या (स्क्विडच्या) चोचींभोवती जमलेला गोळा असतो तो, मागच्या वाटेने बाहेर पडतो असं बहुतेक अभ्यासक मानतात. "अंबर" हा जुना शब्द आहे की आपल्याकडे.)

मुद्द्याचं म्हणजे, ताईंनी (सबटायटलवाल्या) जपानची बाजू अगदीच पोकळ आहे असं समजू नये. मिंकचं वय मोजायचं तर त्याच्या कानातला मळ लागतो. खरंच. व्हेलच्या कानाच्या नळीत मेणासारखा मळ जन्मभर साठत जातो, उभा कापला की फिक्या आणि गडद अशा रेघा दिसतात, झाडाच्या खोडात दिसतात तशा, त्या मोजायच्या. आणि ते बूच जिवंत व्हेलच्या कानातून काढता येत नाही. म्हणून ते म्हणायचे, मारल्याशिवाय वयाची माहिती नाही, आणि वयाशिवाय किती व्हेल आहेत नि किती वाढतील ह्याचं गणित नाही. दुसरी बाजू म्हणते, आज बारीक बाणाने कातडीचा टवका घेता येतो, पाठीवर सॅटेलाइट टॅग लावता येतो, शेपटीच्या फोटोवरून एकेक हंपबॅक ओळखता येतो, तरंगणारी विष्ठा गोळा करून काय खाल्लं ते कळतं, तर वर्षाला शेकड्यांनी मारायची गरज कुठेय? माझं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण मी वर्गात कानातल्या मळाचं आधी सांगतो, कारण ते न सांगता दिलेला निकाल मला पटत नाही.

सबटायटलमध्ये "सॅम्पल"ला काय केलंय ते बघा बरं. त्यांच्या अहवालात मेलेला प्राणी "सॅम्पल" असतो. "नमुना" केलंत तर प्रेक्षकाला वाटेल काचपट्टीवरचा ठिपका. तो ठिपका सातआठ मीटरचा असतो.

प्रतिसाद:
आंदोलकांना काय म्हणताय? "प्राणीप्रेमी" करू नका एवढी विनंती. गेल्या वर्षभरात कबुतरखान्यावरून जे झालं त्यानंतर मुंबईत तो शब्द शिवी म्हणून वापरतात, मी स्वतः मांजरांची नसबंदी करून घेते, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला "आल्या प्राणीप्रेमी" असंच म्हणतात. "कार्यकर्ते" म्हटलं की पक्षाचे वाटतात, गळ्यात उपरणं. सी शेफर्डवाल्यांना (समुद्रात जाऊन व्हेल मारणारी जहाजं अडवणारी संघटना) अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने २०१३ ला "पायरेट्स" म्हटलं होतं, म्हणजे चाचे, आणि जपानकडून तर दहशतवादी म्हणणं झालंच. तिच्या संस्थापकाला, पॉल वॉटसनला, २०२४ ला ग्रीनलंडमध्ये अटक झाली, पाच महिने आत होता, डेन्मार्कने जपानच्या ताब्यात द्यायला नकार दिला तेव्हा सुटला. दोरखंड टाकून जहाजाचे पंखे अडकवणं, मध्ये बोट घालणं हे ते करायचेच. मला वाटतं "आंदोलक" बरोबर. करतात ते सांगतो, आवडतात की नाही ते सांगत नाही.

आणि वेसाव्याच्या ताई, तुमचं पटलं, कारण गुजरातेत हे होऊन गेलंय. तिकडे व्हेल शार्कला (ती मात्र खरीच मासा, मुशीच) "बॅरल" म्हणायचे, पिंपांवरून, आणि सर्रास मारायचे. २००४ ला मोरारी बापूंना घेऊन मोहीम केली, तिला "व्हाली" म्हणायला लागले, लाडकी, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक. कायदा २००१ पासून होताच, पण नाव बदलल्यावर तेच मच्छीमार स्वतःची जाळी कापून तिला सोडायला लागले. पिंप मारता येतं, लेक नाही मारता येत.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार, रात्री एकपर्यंत वाचत बसले. व्हाली वाचून रडू आलं खरंच.

तर काय ठरवलं ते सांगते. "व्हेलमारी" रद्द, ताईंचं म्हणणं पटलं. "शिकार" ठेवतेय, आईचा आक्षेप असूनही, कारण आपला १९७२ चा वन्यजीव कायदा काढून बघितला, त्यात शिकार म्हणजे मारणं, विष घालणं, पकडणं, सापळा लावणं, हाकारणं असं सगळं येतं, हौसेने की पोटासाठी की अभ्यासासाठी हे त्या व्याख्येत विचारलेलंच नाही. म्हणजे मराठीत एक कायद्याची शिकारही आहे, फक्त राजांचीच नाही. आणि "साठी" काढून टाकलं. त्याजागी "संशोधन परवान्यावरची शिकार". परवाना होता हे जपानही नाकारत नाही, ऑस्ट्रेलियाही नाकारत नाही, भांडण पुढचं आहे ते प्रेक्षकाने ऐकावं. तिघांच्या तोंडी हाच शब्द. ती आंदोलक पोरगी तो म्हणताना दोन बोटं हवेत वाकवते, तिथे अवतरणचिन्हं टाकली, बास.

"सॅम्पल"ला "मारलेला व्हेल" केलं होतं, पण ते पुन्हा माझं मत झालं. आता "नमुना म्हणून घेतलेला व्हेल" केलंय, लांब आहे, पण त्या सीनला तीन सेकंद मिळतात. "देवमासा" आईला आणि ताईंना आवडतो म्हणून निवेदनात पहिल्या वाक्यात एकदा येईल, मग व्हेल.

शेवटच्या भागात गंमतच नाही राहत, कारण ३० जून २०१९ ला जपान आयोगातून बाहेर पडला आणि १ जुलैपासून आपल्याच समुद्रात उघड व्यापारी शिकार सुरू केली. अंटार्क्टिकातलं थांबलं. बत्तीस वर्षं जो शब्द जपला तो एका दिवसात सोडून दिला, मलाही तिथून पुढे "परवान्यावरची" खोडावं लागलं, साठेक ठिकाणी.

आता एकच अडलंय. हार्पून. मी "भाला" लिहिलंय, पण भाला म्हणजे हाताने फेकायचा, आणि हा जहाजाच्या नाळेवरच्या तोफेतून सुटतो, टोकाला स्फोटकं असतात, आत गेल्यावर फुटतात. वेसाव्याच्या ताई, मोठ्या माशाला मारायचं टोकदार काही तुमच्याकडे पूर्वी होतं का, त्याला काय म्हणायचे?