अनुभव धागा: व्याकरण जमलं, बोलणं अडलं

मोठ्या वयात परकी भाषा शिकताना किंवा शिकवताना आपल्या बोलण्याच्या रीतीभाती कुठे आडव्या आल्या, ते लिहा. सुरुवात मी करते.

मी पुण्यात जर्मन शिकवते. बी१ म्हणजे मधल्या पातळीच्या तोंडी परीक्षेत एक भाग दोघांनी मिळून काहीतरी ठरवण्याचा असतो. जर्मनीला निघालेली एक नर्स सरावाला बसली. व्याकरण अगदी पक्कं, पण जोडीदार वयाने बराच मोठा. तो म्हणाला, शनिवारी जाऊ. "चालेल." फुलं नेऊ. "चालेल." दीड मिनिटात सगळं ठरलं आणि बोलायला काही उरलंच नाही. मोठ्यांचं म्हणणं खोडायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिथे मात्र वेगळा पर्याय सुचवणं, कारण देऊन नाही म्हणणं अपेक्षित असतं. आता मी पहिल्याच महिन्यात हा नकाराचा सराव घेते, तोही आधी मराठीत. कारण अडतं ते जर्मन नाहीच. नकार देणाऱ्या मुलींपेक्षा, ज्यांची सूचना नाकारली जाते त्या पन्नाशीच्या गृहस्थांना सांभाळून घेणं मला जास्त अवघड जातं.

*

कंपनीच्या कामासाठी चाळिशीत जपानी शिकलो. "हाइ" म्हणजे "हो", एवढंच पाठ होतं. बैठकीत समोरचे माझ्या प्रत्येक वाक्याला "हाइ" म्हणत होते, म्हणून मी पुण्याला कळवून टाकलं की त्यांना सगळं मान्य आहे. तो नुसता हुंकार होता! गोष्ट ऐकताना आपण देतो तसाच. वर्गात कुणी 'हुंकार' हा एक शब्द वापरला असता तरी मला कळलं असतं. खरा नकार "चोत्तो…" म्हणजे "जरा…" म्हणून अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यात होता.

*

जर्मनीत घरमालकीणबाईंनी जेवायला विचारलं. मी "डांके", म्हणजे "धन्यवाद" म्हणाले, मनात होकार होता. पण असं विचारल्यावर नुसतं "डांके" म्हणजे "नको". होकाराला "बिटं", म्हणजे "प्लीज" लागतं. दुसऱ्यांदा आग्रह झालाच नाही, आणि त्या रात्री मी उपाशी झोपले.

*

माझं उलटं आहे, मी एका फ्रेंच बाईंना मराठी शिकवते. शेजारच्या आजींकडून निघताना त्या "मी जाते" म्हणाल्या. आजी कासावीस झाल्या, "येते म्हणावं गं!" चहाला दरवेळी "धन्यवाद" म्हणायच्या, तर एक दिवस आजींनी विचारलं, "मी काय परकी आहे का?" बाईंना फार लागलं ते, कारण त्यांच्याकडे आभार न मानणं हाच उद्धटपणा. पुढच्या धड्यात मी त्यांना "छान झालाय चहा" शिकवलं.