नवीन लेबर कोडनंतर पगार खरंच वाढणार का? १७८, ३१२ की ७८३?

नाशिकचा_दाजी:
नमस्कार मंडळी, प्रश्न चुकीच्या विभागात टाकला असेल तर ॲडमिननी हलवावा. माझा मेहुणा इथे एका कपड्याच्या दुकानात कामाला आहे. सकाळी साडेनऊला जातो तो रात्री शटर ओढूनच निघतो, म्हणजे अकरा-साडेअकरा तास धरा. साडेनऊ हजार मिळतात, रोख, वहीत सही. आता व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की नवीन लेबर कोड लागू झाला, पूर्ण देशात एकच किमान वेतन, त्याच्या खाली कोणालाच देता येणार नाही, मालक जेलमध्ये जाणार वगैरे. मेहुणा रोज विचारतो दाजी माझा पगार कधी वाढणार.

मी शोधायला बसलो तर एके ठिकाणी १७८ रुपये रोज, दुसरीकडे ३१२, तिसरीकडे ७८३, आणि तिन्ही आकडे केंद्र सरकारचेच! १७८ ला २६ दिवसांनी गुणलं तर ४,६२८ येतात, मग तर मेहुण्याला कायद्याच्या दुप्पट पगार मिळतोय म्हणायचं का? डोकं चालेना. कोणी नीट सांगेल का, आणि प्लीज पक्षाचं भांडण नको.

लेबरलॉवाली:
दाजी, पहिले मेहुण्याचं, कारण ते सोपं आहे. मेसेज अर्धवट आहे. वेतन संहिता (पगाराचा नवीन लेबर कोड तो हाच) संसदेत २०१९ ला पास झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली हे खरं. पण त्यात देशभर एकच किमान वेतन असं काही नाही. केंद्राने ठरवायचाय तो तळ, म्हणजे फ्लोअर वेज. राज्याने आपलं किमान वेतन त्याच्या खाली न्यायचं नाही, आणि आधीच वर असेल तर फ्लोअरचं कारण देऊन खाली आणायचं नाही. बस एवढंच. महाराष्ट्राचे दर त्या १७८ च्या कधीच वर आहेत, त्यामुळे मेहुण्याने दिल्लीकडे बघायचंच नाही.

दुकानांसाठी राज्याने २०१९ च्या अधिसूचनेत जे मूळ दर ठरवले त्यात परिमंडळ १ (नाशिक महापालिका यातच येते) अकुशल १०,०२१, अर्धकुशल १०,८५६, कुशल ११,६३२. हा फक्त मूळ दर, त्याच्यावर विशेष भत्ता असतो जो दर जानेवारी आणि जुलैला महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतो. म्हणजे तो साडेनऊ हजार घेतोय ते भत्ता न धरता सुद्धा कमीच आहे, नवीन कोड यायच्या आधीपासून. ठरलेल्या तासांच्या वरचे तास ओव्हरटाईम, त्याला दुप्पट दर. "आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, आम्हाला लागू नाही" असं मालक म्हणेल, ते शॉप ॲक्टच्या नोंदणीचं आहे, किमान वेतनाचं नाही. एक माणूस असला तरी लागू.

आता तीन आकडे. ७८३ हा केंद्राच्या स्वतःच्या अखत्यारीतला दर, म्हणजे रेल्वे, खाणी, बंदरं अशा ठिकाणच्या कामांसाठी, मोठ्या शहरातला अकुशल बांधकाम मजूर किंवा झाडूवाला, ऑक्टोबर २०२४ ला लागू झालेला. महिन्याचे २०,३५८ होतात. ३१२ हा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला मनरेगाचा रोज. आणि १७८ हा जुलै २०१९ मध्ये तेव्हाचे कामगारमंत्री संतोष गंगवार यांनी जाहीर केलेला राष्ट्रीय तळ. त्याच्या आधी २०१७ ला १७६ होता, म्हणजे दोन वर्षांत दोन रुपये वाढ. यात एका वेळचा चहा पण येत नाही.

आणि गंमत बघा, २०१९ च्याच फेब्रुवारीत सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीचा अहवाल बाहेर आला होता. दिवसाला २,४०० कॅलरी, ५० ग्रॅम प्रथिनं, ३० ग्रॅम स्निग्ध, कपडालत्ता, भाडं, औषधपाणी, पोरांचं शिक्षण असं सगळं मांडून त्यांनी ३७५ रुपये काढले, शहरात घरभाड्याचे वेगळे. म्हणजे हिशोब करता येत नव्हता असं नाही. हिशोब करून टेबलावर ठेवला होता, आणि शेजारी १७८ लिहिले.

खर्चीवाला_इचल:
मी मालकाच्या बाजूचा समजा. इचलकरंजीत आठ माग आहेत आपले, पण मालक म्हणजे नावाला. आम्ही खर्चीवाले, सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आम्हाला पिकावर, म्हणजे कापडात जितके आडवे धागे भरले त्यावर मजुरी. म्हणजे मी पण मजूरच की हो, फक्त कर्ज माझ्या नावावर आणि वीजबिल पण माझ्या नावावर. कामगाराला किमान वेतन द्या म्हणता, द्यायचंय, माझ्या मागावर बारा तास उभा राहणाऱ्या माणसाचे हाल मला दिसत नाहीत का, त्याची दोन लग्नाची उचल माझ्याकडंच हाय. पण मी व्यापाऱ्याला मजुरी वाढव म्हटलं की तो म्हणतो भिवंडीत कमी पैशात विणून मिळतंय, भिवंडीवाल्याला सांगतो सुरतेत मिळतंय, आणि सगळ्यांनी वाढवलं तर म्हणतो मी दुसऱ्या राज्यात जातो.

म्हणून मला उलट वाटतं की तळ पूर्ण देशाला एकच आणि चांगला तगडा पाहिजे. मग कुठंच स्वस्त मिळणार नाही, व्यापाऱ्याला मुकाट्यानं मजुरी वाढवावी लागंल. १७८ चा तळ म्हणजे विहिरीला तळच नसल्यासारखं. प्रत्येक राज्य म्हणणार आमच्याकडं लेबर स्वस्त हाय, या कारखाना काढा, आणि ते दिल्लीला पण चालतं, कारण आकडा वाढवला की आरडाओरडा करणारे उद्योगवाले उद्या सकाळी फोनवर असतात, मजूर कुठं फोन करणार.

रोखठोक_बाब्या:
पक्षाचं भांडण नको म्हणे. अहो ही सगळी कंपन्यांची सरकारं, २०१४ पासून मजुराचं वाटोळं केलंय. आधी असं नव्हतं.

लेबरलॉवाली:
बाब्या, थोडं थांब. मनरेगाची मजुरी किमान वेतन कायद्यापासून तोडली ती जानेवारी २००९ मध्ये, तेव्हा सरकार काँग्रेसच्या यूपीए आघाडीचं होतं. मनरेगाच्या कायद्यातलंच एक कलम वापरून केंद्राने स्वतःचा वेगळा दर काढला, आणि तेव्हापासून सरकारच्या कामावरचा मजूर राज्याच्या शेतमजुरीच्या किमान दरापेक्षा कमी घेतोय अशी अवस्था कितीतरी राज्यांत झाली. कारण उघड आहे, तिथे मजुरीचे पैसे केंद्राच्या तिजोरीतून जायचे. सुप्रीम कोर्टाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी, घटनेच्या कलम २३ चा भंग. दोन्ही पक्षांना हे पाठ आहे.

तसं बघितलं तर किमान वेतनाचं बिल पहिल्यांदा मांडलं बाबासाहेबांनी, १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत असताना. कायदा झाला १९४८ ला. त्यात कमी पगार दिल्याचा दंड किती माहितीये? ५०० रुपये, किंवा सहा महिने कैद, आणि तो ५०० चा आकडा कायद्यात शेवटपर्यंत तसाच राहिला. नवीन कोडमध्ये ५०,००० पर्यंत केलाय, पाच वर्षांत परत केलं तर तीन महिने कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे चांगलं झालं. पहिल्याच फटक्यात मालक जेलमध्ये ही मात्र थाप. आणि इन्स्पेक्टरचं नाव झालंय निरीक्षक-नि-सुविधाकार. त्याने मालकाला समजावून सांगायचं, काही चुकांत दुरुस्त करायची संधी द्यायची, मग पुढचं. नावातच कळतं कोणाची सुविधा.

म्युनिकची_मावशी:
इकडचं सांगते, कारण आमच्याकडे पण हीच भीती घालायचे. जर्मनीत २०१५ पर्यंत देशव्यापी किमान वेतन नव्हतंच, युनियन आणि मालक आपापसात ठरवायचे. मग साडेआठ युरो तास लागू झालं. त्याच्या आधी केवढा गहजब, लाखो नोकऱ्या जाणार, सलूनवाले बेकरीवाले बंद पडणार, तसं काही झालं नाही. २०२१ च्या निवडणुकीत ओलाफ शोल्झ (ती जिंकून चॅन्सेलर झाले ते) यांच्या पक्षाने १२ युरोचं आश्वासन दिलं, आणि दर ठरवणारा आयोग बाजूला ठेवून संसदेनेच कायदा करून ऑक्टोबर २०२२ ला ते केलं पण. आता जानेवारी २०२६ पासून १३.९० आहे. ह्याच्यावर निवडणूक लढवता येते हे मला तिकडून इकडे येऊन कळलं, आपल्याकडे लाडक्या योजनांवर लढवतात.

आणि तपासणी कोण करतं सांगू, कस्टमवाले! पिस्तूल लावून येतात रेस्टॉरंटच्या किचनमध्ये, हजेरीचे कागद मागतात. माझ्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याचा चेहरा पांढरा पडलेला बघितलाय.

खर्चीवाला_इचल:
मावशी तुमचा जर्मनवाला गिऱ्हाइकाकडून वाढवून घेतो हो. माझं गिऱ्हाईक एकच व्यापारी हाय, त्यानं नाही म्हटलं की माग बंद. आयोग नेमा, कस्टम पाठवा, पण आधी व्यापाऱ्याला विचारा म्हणावं की तू किती मजुरी देतोस.

नाशिकचा_दाजी:
खूप खूप धन्यवाद, लेबरलॉवाली ताई विशेष. वाचून दाखवलं मेहुण्याला. त्याचा प्रश्न असा की वहीत सही आहे ती साडेनऊची नाही, त्याच्यावर तेरा हजार काहीतरी लिहिलेलं असतं, आणि हातात साडेनऊच. मग कोर्टात आपण खोटे पडणार ना? आणि तक्रार केली की दुसऱ्या दिवशी उद्या येऊ नको म्हणतील ते वेगळंच.

लेबरलॉवाली:
हा प्रकार सगळीकडे आहे, कॉन्ट्रॅक्टरकडे तर पगार बँकेत टाकून एटीएमच्या बाहेर परत घेतात. सही केलेल्या वहीचा फोटो गुपचूप काढून ठेव म्हणावं, येण्या-जाण्याच्या वेळा रोज मोबाईलवर लिहून ठेवायच्या, दुकानाच्या ग्रुपवरचे मेसेज डिलीट करायचे नाहीत. मालक खात्यात पैसे टाकत असता तर चांगलं होतं, तसं मागून बघा, नाही म्हणाला तर त्याचा मेसेज पण पुरावाच. अर्ज कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात, आधी सरकारी कामगार अधिकाऱ्याला भेटायचं. दावा आता तीन वर्षांपर्यंत मागचा करता येतो, म्हणजे नोकरी सोडल्यावर केला तरी चालतो, घाई नाही. फरक आणि त्याच्यावर दहापटीपर्यंत भरपाई मागता येते. एकट्याने जायचं नाही मात्र, दुकानातले अजून दोघंतिघं असतील तर बघा.

नाशिकचा_दाजी:
दोघं आहेत, एक शिंपी आहे आणि एक गोडाऊनवाला पोरगा. विचारतो म्हणाला. पण लग्नसराई उरकू दे म्हणतोय, आत्ता मालक पाणी प्यायला पण सोडत नाही.