शिक्रा की पावशा? आणि त्यावरून ग्रुप सोडून गेलेली मुलगी

टेकडीवाली काकू

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहते, बँकेतून निवृत्त. वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाता जाता पक्ष्यांचा नाद लागला आणि त्यातून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. आज १४० जण आहेत. ॲडमिन मी, कारण दुसरं कुणी हो म्हणेना.

गेल्या आठवड्यात एका नव्या मुलीने खाणीच्या बाजूचा फोटो टाकला. 'आज शिक्रा दिसला!!' शिक्रा म्हणजे छोटा शिकारी पक्षी. हा मात्र होता पावशा, कोकिळेच्या कुळातला, दिसायला शिक्र्यासारखा. डोळ्याभोवती पिवळी कड, चोच सरळ, आकडा नाही. ज्याला माहीत आहे त्याला लगेच कळेल. ज्याला माहीत नाही तो फसणारच. अहो, पावशा येऊन बसला की लहान पक्षीसुद्धा शिकारी आला म्हणून ओरडा करतात.

आमच्यातल्या एका जाणत्या काकांनी लिहिलं, 'आधी पुस्तक उघडा, मग कॅमेरा.' त्याला सात अंगठे आले. मुलीने फोटो काढून टाकला आणि तासाभरात ग्रुप सोडला. काकांच्या वाक्यापेक्षा मला ते सात अंगठे जास्त लागले. त्यातला एक माझ्याच मैत्रिणीचा.

काकांना तोडायचं नाहीये. भिगवणला होडी किती वाजता काढायची, कवडीपाटला ऊन कुठल्या बाजूने येतं, सगळं त्यांना पाठ. बरं, नियम लिहावेत तर ते पुणेरी पाटीच्या अंगाने जातात. मी एक मसुदा केला होता, शेवटी स्वतःच हसले आणि पुसून टाकला. तुम्ही काय करता अशा वेळी?

सदाशिव पेठी

मी तुमच्या ग्रुपात नाही, पण ते काका मीच आहे असं समजा. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर माझी हीच ख्याती होती. तिरकं बोललं की लोक हसतात, आणि हसले की वाटतं आपण उपयोगाचं काहीतरी बोललो.

मला कुणी नियम दाखवून सुधारलं नाही. एकदा मी तोरण्याचा फोटो राजगड म्हणून टाकला. संजीवनी माचीबद्दल दोन परिच्छेद लिहिले वर! एका पोराने फक्त एवढंच लिहिलं, 'काका, ही तोरण्याची झुंजार माची वाटते, पुढे सुटलेला बुरूज बघा.' पोराला टोमणा मारायला पूर्ण संधी होती. त्याने मारला नाही, आणि मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

काकांना फोन करा. ग्रुपवर लिहू नका. चारचौघांत सांगितलंत तर ते स्वतःची बाजू लढवत बसतील, मी तरी बसलो असतो.

नोंदवहीवाला

थोडं विरुद्ध बोलतो. गोड बोलण्याच्या नादात चूक तशीच राहू देऊ नका. 'कुठलाही असो, फोटो छान आहे' हे मला टोमण्याइतकंच वाईट वाटतं. मी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, याद्या टाकतो. तिथे एखादी नोंद जागेला किंवा हंगामाला विचित्र वाटली, तर तपासणारी व्यक्ती फोटो किंवा वर्णन मागते. मलाही दोनदा विचारणा झाली आहे. एकदा मी चुकलो होतो, एकदा नव्हतो. राग आला नाही, कारण प्रश्न पक्ष्याबद्दल होता.

आमच्याकडे एकच सवय लावली: नाव सांगायचं तर सोबत खूण सांगायची. नुसतं 'चूक' लिहायचं नाही. 'पावशा असावा, चोच बघ, डोळ्याची पिवळी कड बघ' म्हटलं की विचारणारा शिकतो आणि गप्प वाचणारे पन्नास जणही शिकतात. म्हणून दुरुस्ती ग्रुपवरच व्हावी, खासगीत नको. गंमत म्हणजे खूण लिहायची सक्ती झाल्यावर आमचे दोन तज्ज्ञ एकदम शांत झाले. 😀

मात्र घरट्याजवळ जाऊन फोटो काढणं, नवरंग पक्ष्याला मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज ऐकवून बाहेर बोलावणं, यात मी मवाळ नाही. ऐन विणीच्या दिवसांत तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून पिसाटतो. तिथे थेट 'हे करू नका' म्हणतो. तेही एकदाच, आणि कारण सांगून.

कुंडीतली मिरची

आमचा गच्चीवरच्या बागेचा ग्रुप आहे. पिठ्या ढेकणावर निंबोळी अर्क की रासायनिक औषध, यावरून दर पावसाळ्यात महाभारत. मी एक केलं. कुणी नवीन आलं की जुन्यांपैकी एकाने आपण मारलेल्या झाडाचा फोटो टाकायचा. पहिला माझा, जास्त पाणी घालून कुजवलेली कोरफड. कोरफड मरते हे बऱ्याच जणांना खरंच वाटेना.

काकू, मुलीला फोन केलात का? ग्रुपचं नंतर बघा.

टेकडीवाली काकू

केला. आधीच करायला हवा होता. ती म्हणाली, 'काकू, राग नाही आला, लाज वाटली.' रविवारी टेकडीवर येते म्हणाली, ग्रुपवर मात्र इतक्यात नाही. मी आग्रह केला नाही.

नोंदवहीवाले, तुमची खुणेची सवय आजपासून आमच्याकडे. पहिला प्रयोग माझ्यावरच: मागच्या हिवाळ्यात पाषाण तलावावर मी लांबून टिबुकलीला बदकाचं पिल्लू म्हणाले होते, तो फोटो शोधून टाकलाय. अजून अंगठा एकही नाही, पण तिघांनी खुणा लिहिल्या आहेत. त्यातला एक निरोप काकांचा. मोठा आहे, शेपटीपासून सुरुवात करून चोचीपर्यंत, आणि खरंच चांगला आहे.

त्यांना उद्या घरी बोलावलंय. चतुर्थी आहे, त्यांचा उपास असतो, म्हणजे साबुदाणा आत्ताच भिजत घालायला हवा.