मदत हवी आहे: डिसेंबरच्या मध्यात गुलमर्गला स्कीइंगपुरता बर्फ असतो का?

१४ ते १८ डिसेंबर गुलमर्गला जायचं ठरतंय, पुण्याहून. आम्ही दोघं आणि १२ वर्षांची मुलगी, तिघंही स्कीइंगमध्ये अगदी नवशिके. हॉटेलवाल्याला फोन केला तर "बर्फ मिलेगा साहब" एवढंच. परवाच्या एका व्हिडिओत खालच्या मैदानात पिवळं गवत डोकावत होतं, वर अफरवट डोंगर मात्र पांढराशुभ्र. हवामानाचं ॲप श्रीनगरचा अंदाज दाखवतं, त्याचा काय उपयोग? गुलमर्ग त्याहून हजारभर मीटर उंच. 'चिल्लई कलान' (काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा ४० दिवसांचा काळ) २१ डिसेंबरला सुरू होतो हे माहीत आहे, पण जानेवारी २०२४ सुद्धा जवळपास कोरडाच गेला होता, त्यामुळे नुसत्या तारखेवर भरवसा नाही.

गोंडोलाचा (रोपवेचा) अफरवटवर जाणारा दुसरा टप्पा आम्हाला नकोच, तो उतार आमच्या आवाक्यातला नाही. विमानाची तिकिटं काढलीत, पण ३० नोव्हेंबरपर्यंत थोडे पैसे भरून तारीख बदलता येईल. मुलीच्या शाळेमुळे दुसरा पर्याय फक्त २६ ते ३० डिसेंबर, तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढे.

डिसेंबरच्या मध्यात तिथे गेलेल्यांनी सांगावं: खालच्या मैदानात शिकण्यापुरता बर्फ होता का, की त्यासाठी कोंगडूरीला (गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथे) जावं लागलं? आणि बर्फ पडल्यावर टंगमर्गच्या (गुलमर्गच्या पायथ्याचं गाव) पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लगेच मिळते का?