उताराच्या जागेचा प्लांटिंग प्लॅन: सुरुवात कुठून करायची?

पानगळ
लँडस्केप डिझाइन आणि हॉर्टिकल्चर असा एकत्र कोर्स आहे, दुसरं सेमिस्टर चालू आहे. स्टुडिओत दिलेली जागा अशी: 20 मी. रुंद, 30 मी. लांब, लांबीच्या दिशेनं एकूण 1.8 मी. उतार. इमारत खालच्या हद्दीला लागून. माती चिकण. वरच्या हद्दीपासून 15 मी. आणि डाव्या हद्दीपासून 5 मी.वर एक जुनं झाड आहे, खोडाचा व्यास 40 सेंमी. 8 × 10 मी.ची फरसबंद बैठक (10 मी. बाजू उताराला आडवी, जागेच्या मधोमध), हिरवळ, 24 चौ.मी. भूआच्छादन (जमीन झाकणारी बुटकी रोपं) आणि काही नवी झाडं दाखवायची आहेत.

ज्युरीत (परीक्षकांसमोर काम मांडताना) शेरा मिळाला: "रोपांची निवड चांगली, पण पाणी कुठे जातंय?" हे कोणत्या क्रमानं सोडवायचं? भूआच्छादनाच्या रोपांचा आकडा कसा काढतात? आणि ओळख परीक्षेसाठी दीडशे झाडं लक्षात कशी ठेवायची?

समोच्च
शेरा अगदी योग्य आहे. रोपांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि फक्त लेव्हल्स घेऊन बसा.

30 मी.त 1.8 मी. म्हणजे 6 टक्के उतार. उंचीच्या दर 25 सेंमीला समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) काढल्या तर कागदावर त्या साधारण 4.17 मी.वर येतील. मूळ रेषा तुटक काढा, बदललेल्या सलग. सलग रेषा जिथे तुटक रेषेपासून सुटते तिथे जमीन हलवली आहे, आणि ती हद्दीच्या आत पुन्हा तुटक रेषेला मिळाली पाहिजे. बहुतेक शीट्स इथेच चुकतात: रेषा हद्दीपाशी हवेत सोडलेल्या असतात, म्हणजे शेजारची जमीनही तुम्ही खणली असा त्याचा अर्थ होतो.

आता इमारत. सगळं पाणी तिच्याकडेच येणार. भिंतीपासून पहिल्या 3 मी.त जमीन उलट दिशेला, निदान 5 टक्के उतरायला हवी, म्हणजे 15 सेंमी. पण त्याच 3 मी.त मूळ जमीन 18 सेंमी चढलेली आहे. दोन्हींची बेरीज करा: भिंतीपासून 3 मी.वर जो उथळ चर काढाल त्याचा तळ आजच्या जमिनीपेक्षा किमान 33 सेंमी खाली हवा. हा चर 20 मी. आडवा नेताना 1 टक्का ढाळ दिला तर दुसऱ्या टोकाला तो 53 सेंमी खोल होतो. बाजू 1:3 (1 उभं, 3 आडवं) पेक्षा उभ्या नकोत, नाहीतर गवत धरत नाही आणि कापताही येत नाही. चिकणमातीत पाणी आपोआप जिरेल असं धरू नका. चराच्या टोकाला गटाराची जोडणी किंवा साठवण स्पष्ट दाखवा.

बैठकीचं पाणीही मोजा. 80 चौ.मी. फरशी, ताशी 50 मिमी पाऊस, वाहगुणांक (पावसातला वाहून जाणारा वाटा) 0.9: तासाला 3.6 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 1 लिटर. हा आकडा शीटवर असला की "पाणी कुठे जातंय" याला उत्तर देता येतं.

फरशीला 2 टक्के ढाळ पुरे. 8 मी.त मूळ घसरण 48 सेंमी आहे, फरशीची 16. उरलेले 32 सेंमी वरच्या कडेला 16 कटिंग (खणणं) आणि खालच्या कडेला 16 भराव असे वाटून टाका. माती बाहेरून आणावी लागत नाही. भराव 15 सेंमीच्या थरांत दाबून घ्यायचा, एकदम टाकला तर फरशी खचते.

मुळं_आणि_माती
समोच्च यांचं चराचं गणित बरोबर आहे, पण बैठकीची जागाच चालणार नाही. झाड राहून गेलं.

मुळांच्या संरक्षणाचा घेर खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचा धरतात. 40 × 12 म्हणजे 4.8 मी. तुमचं झाड डावीकडून 5 मी.वर आहे, त्यामुळे डाव्या हद्दीपासून 9.8 मी.पर्यंतची पट्टी त्या भागात हात लावायची नाही. बारीक, पाणी शोषणारी मुळं बहुतांशी वरच्या 60 सेंमीत असतात. 16 सेंमी कटिंगमध्ये ती तुटतात, आणि भराव टाकला तर हवा न मिळून गुदमरतात. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

पर्याय दोन. बैठक वर सरकवा, वरच्या हद्दीपासून 1 ते 9 मी.मध्ये; झाडाचा घेर 10.2 मी.ला सुरू होतो, त्यामुळे बसते, पण इमारतीपासून लांब पडते. किंवा उजवीकडे घ्या, 8 मी. बाजू आडवी ठेवून. मग उताराच्या दिशेला 10 मी. येतात आणि लेव्हलचा फरक 40 सेंमी होतो. तो सगळा वरच्या कडेला कटिंगमध्ये घेतलात तर 40 सेंमीची धारक भिंत येते, आणि तेवढी उंची बसायला नेमकी लागते. किंमत अशी की 16 घनमीटर माती निघते. अर्धं कटिंग, अर्धा भराव केला असता तर 4 घनमीटरच हलली असती. मी भिंतवाला पर्याय घेईन, पण भिंतीमागे खडी आणि छिद्राचा पाइप सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या चित्रात) दाखवलाच पाहिजे. चिकणमाती ओली झाली की भिंतीला ढकलते.

वरची 15 ते 20 सेंमी सुपीक माती आधी काढून वेगळी ठेवा. खालच्या मातीत मिसळली की ती गेलीच.

नव्या झाडांसाठी निचऱ्याची चाचणी करा: 30 सेंमीचा खड्डा, पाण्यानं भरून एकदा जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते पाहा. 2.5 सेंमीपेक्षा कमी असेल तर निचरा वाईट. अशा मातीत खोल खड्डा करून त्यात शेणखत-माती भरणं हा चुकीचा उपाय आहे. तो हौद बनतो, आजूबाजूचं पाणी त्यात येऊन साचतं आणि मुळं कुजतात. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दोन-तीन पट रुंद, खोली गड्ड्याइतकीच, भरायला तीच माती. खोड जिथे रुंदावून मुळांत जातं ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे. चिकणमातीत गड्डा 5 सेंमी वरच ठेवा. आच्छादन (पालापाचोळ्याचा थर) 5 ते 8 सेंमी, पण बुंध्याला टेकवू नका.

पानगळ
म्हणजे बैठक उजवीकडे, भिंतीसह. भूआच्छादनाचं अंतर 30 सेंमी धरलं आहे.

वाफा
त्रिकोणी मांडणी असेल तर एका चौ.मी.ला 1 ÷ (0.866 × अंतराचा वर्ग). 0.3 मी.ला 12.8 रोपं, 24 चौ.मी.ला 308. चौकोनी मांडणीत 267 पडतात. उतारावर त्रिकोणीच घ्या, कारण चौकोनी ओळींमधून पाणी सरळ खाली धावतं आणि माती नेतं. मर धरून 5 टक्के वाढवा. अंतर मात्र रोपाच्या पूर्ण वाढीच्या पसाऱ्यावरून ठरवा, नर्सरीतल्या पिशवीच्या आकारावरून नाही.

ओळख परीक्षेबद्दल: नावांची यादी पाठ करू नका, कुळं शिका. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं आणि चुरगळल्यावर वास आला की तुळशीच्या कुळाकडे वळा. जास्वंदीच्या कुळात पुंकेसरांची नळी जायांगाभोवती (फुलाच्या मादी भागाभोवती) असते. चीक आला म्हणून लगेच कण्हेर-चाफ्याचं कुळ लिहू नका, एरंडाच्या कुळातही चीक असतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते पान आणि पर्णिका (संयुक्त पानाचा छोटा भाग) यांत गोंधळ झाल्यानं. देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात डोळा (कोवळी कळी) असेल तिथे पान सुरू होतं. पर्णिकेच्या बेचक्यात डोळा कधीच नसतो. फुलं नसताना गुलमोहर आणि जॅकरांडा समोर ठेवतात, दोन्हींची पानं दुहेरी पिसासारखी. तेव्हा फांदीवर पानांची मांडणी बघा: गुलमोहरात एकाआड एक, जॅकरांडात समोरासमोर. शेंग हाती लागली तर प्रश्नच नाही, गुलमोहराची लांब आणि चपटी, जॅकरांडाची गोल, लाकडी, बशीएवढी नाही पण तळहातात मावणारी.

समोच्च
झाडाबद्दलची दुरुस्ती मान्य. मग चराचा ढाळही उजवीकडेच न्या. 53 सेंमीचं खोल टोक झाडाच्या बाजूला नको. सेक्शन 1:100 ला भिंत, बैठक आणि चर या तिन्हींतून एकाच रेषेत कापा, आणि मूळ जमीन त्यात तुटक दाखवा.