चालू कर्नलला हात कशाला लावायचा?

रामबागकर (धागाकर्ता)
आमच्या काकांचा इंदूरला रामबागेत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं. तिथला एकुलता एक कॉम्प्युटर लिनक्सवर मीच नेला, त्यामुळे काही बिघडलं की फोन मलाच. परवा सकाळी पोह्यांवर शेव पडतेय तोच काकांचा फोन, "अरे, पडद्यावर इंग्रजीत शिव्या आल्यात आणि कीबोर्डचा दिवा लुकलुकतोय." जाऊन बघतो तर कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच (कर्नल) कोसळून थांबलेला: 'अनेबल टू माउंट रूट एफएस'. आदल्या संध्याकाळच्या अपडेटने कर्नलला 5.15 वरून थेट 6.8 वर नेलं होतं. मुलीचे वडील पत्रिकेचं प्रूफ बघायला दारात उभे. लाइव्ह यूएसबी (लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह) लावून सगळं मार्गी लागेपर्यंत दुपार झाली.

माझं मत: धंद्याच्या मशीनवर कर्नल गोठवून टाकावा. 'एपीटी-मार्क होल्ड' (अपडेट अडवून ठेवणारी आज्ञा) करा आणि विसरा. चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस घरच्या लॅपटॉपवर भागवावी.

सराफ्यातला निशाचर
साफ असहमत. यात कर्नलचा काय दोष? त्या ओळीचा अर्थ, कर्नल सुरू झाला पण त्याला रूट (सगळी सिस्टीम असलेलं मुख्य पार्टिशन) सापडला नाही. अपडेटनंतर लगेच असं झालं की मी आधी इनिट्रॅमएफएस (रूट उघडायला कर्नलला सुरुवातीला लागणारी फाइल) तयार झालाय का ते बघतो. '/बूट' (कर्नल ठेवायची जागा) वेगळ्या पार्टिशनवर आहे का? 'डीएफ -एच' (डिस्क किती भरली ते दाखवणारी आज्ञा) काय सांगतं? जुने कर्नल साठून ते भरलं असणार. नवा कर्नल कसाबसा मावला, इनिट्रॅमएफएस मावला नाही, आणि ग्रबने (सुरुवातीला कर्नल निवडून चालू करणारा प्रोग्राम) तरी त्यालाच वर बसवलं.
बरं, जुना 5.15 तिथेच होता की! सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तो निवडायचा, मग 'ऑटोरिमूव्ह' करून जुने कर्नल काढायचे, मग इनिट्रॅमएफएस नव्याने बनवायचा. पोहे गार व्हायच्या आत काम झालं असतं.

रामबागकर
/बूट शंभर टक्के भरलं होतं, मान्य. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणून पार्टिशन वेगळं. पण काकांना मी फोनवर एस्केप दाबायला सांगू? त्यांना एंटर कुठला ते सांगण्यात माझा बॅलन्स संपतो.

भंवरकुआँ लॅब
माझ्याकडे क्लासच्या लॅबमध्ये वीस मशीन आहेत. 'होल्ड करा आणि विसरा' यातल्या 'विसरा'ला माझा विरोध. 2022 चा डर्टी पाइप, कर्नलमधलं सुरक्षेचं भोक, आठवा: कर्नल 5.8 मध्ये शिरलेली चूक, आणि साधा युजरसुद्धा फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये लिहू शकत होता. 5.15 मालिकेत ती 5.15.25 ला दुरुस्त झाली. त्याआधी गोठवून बसलेला माणूस उघडाच. माझी पोरं असली भोकं अभ्यासक्रमापेक्षा लवकर शिकतात.

जुना होळकर
धागाकर्त्याच्या बाजूने एक उदाहरण. डिसेंबर 2023, डेबियन 12 (लिनक्सचाच एक प्रकार). त्याच्या स्थिर म्हणवणाऱ्या कर्नल 6.1.64 मध्ये ईएक्सटी4 (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम) वरचा डेटाच खराब करणारी चूक निघाली. डेबियन 12.3 अडवून ठेवावं लागलं, आणि कर्नल 6.1.66 घेऊन 12.4 आलं. जे दोन दिवस थांबले ते वाचले. आल्या आल्या अपडेट घेणाऱ्यांनी कसली घाई असते ते एकदा सांगावं.

सराफ्यातला निशाचर
होळकर, दोन दिवस थांबणं वेगळं, गोठवणं वेगळं. इथे दोन गोष्टींची खिचडी होतेय. 5.15 च्या आतले सुरक्षा पॅच ही एक, आणि 5.15 वरून 6.8 वर उडी ही दुसरी. उबुंटू 22.04 (हाही लिनक्सचाच प्रकार) चा डेस्कटॉप एचडब्ल्यूई वाटेने, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी नवनवे कर्नल आणणाऱ्या पॅकेजने, उड्या मारतो. उडी नको असेल तर साधं 'लिनक्स-जेनेरिक' पॅकेज ठेवा आणि एचडब्ल्यूई काढा. 5.15 वरच राहाल, पॅचही एप्रिल 2027 पर्यंत येत राहतील. होल्ड मारलात तर पॅचही बंद.

वायफायग्रस्त
माझा वायफायचा डोंगल दर कर्नल अपडेटनंतर मरतो. ड्रायव्हर कुठूनतरी उतरवून 'मेक' करून (स्वतः बांधून) टाकलाय. मी पण होल्ड करू का?

भंवरकुआँ लॅब
नको. तो मॉड्यूल (तुमचा ड्रायव्हर) फक्त जुन्या कर्नलसाठी बनलाय. डीकेएमएसमध्ये (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बनवणारी सोय) नोंदवा, नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइल्स) टाका, म्हणजे दर वेळी आपोआप बनेल. सिक्योर बूट (फक्त सही केलेले ड्रायव्हर चालू देणारी सोय) चालू असेल तर पुढच्या बूटला निळा पडदा येईल. तो घाईत ओलांडू नका, ड्रायव्हरच्या सहीची चावी तिथेच नोंदवायची असते.

रामबागकर
एचडब्ल्यूई काढतो, /बूट पण साफ करतो. होल्ड मात्र लगीनसराई संपेपर्यंत राहणार. निशाचर, तोवर एखादा पॅच सुटला तर सराफ्यात भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.